सगळ्यांच्या शेवटी उठणारी आत्या

चैत्रात आमच्या आळीत रोज कुणाकडे ना कुणाकडे गौरीचं हळदीकुंकू असायचं, आणि प्रत्येक घरातून माझी आत्या सगळ्यांच्या शेवटी निघायची. तिला आंबेडाळ सोडवत नाही, असा बायकांचा समज होता. खरं तर कैरीने तिचे दात आंबायचे. पण आत्या फार म्हणजे फारच जाड होती. सतरंजीवर बसणं जमायचं. उठताना मात्र आधी कुशीवर कलायचं, मग हात-गुडघे टेकून ओणवं व्हायचं, मग रांगत भिंत गाठायची, असा मोठा कार्यक्रम असे. तो कुणी पाहू नये, एवढंच तिला हवं असायचं.

कुणी घडीची लोखंडी खुर्ची पुढे केली की ती म्हणे, "छे हो, गौरीसमोर खुर्चीवर कसं बसायचं?" आणि माझ्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "जमीन तरी मोडत नाही." बायकांनी काही बोलायच्या आत स्वतःच्या अंगावर विनोद ती स्वतःच करायची. सगळ्या हसायच्या. परतताना ती कोपऱ्यापर्यंत माझ्याशी बोलत नसे.

बाकीच्या जाईपर्यंत गप्पांनी वेळ काढायला ती मला न्यायची. मला! इंग्रजी शाळेतून कॉलेजात गेलेली मी दोन वाक्यांत संपायचे, मराठीत आणि इंग्रजीतही.

एकदा पलीकडच्या आळीतल्या काकूंकडे सगळ्या उठल्या, पण शाळेतून निवृत्त झालेल्या एक काटकुळ्या बाई काही हलेनात.

"तुम्ही व्हा पुढे," बाई म्हणाल्या.

"तुम्ही मोठ्या. आधी तुम्ही."

"मला घाई नाही."

"मला तर मुळीच नाही."

आत्याने मला कोपर मारलं. मी म्हटलं, "आज उकडतंय."

"ते तू मघाशीच सांगितलंस," बाई म्हणाल्या.

काकूंनी तिसऱ्यांदा डाळ वाढली. "घ्या हो, तुम्हाला आवडते ना!" त्यांचे यजमान कचेरीतून येऊन, आत बायका बघून, बाहेर पायरीवर बसले होते. आत्या डोळे मिटून डाळ गिळत होती. काकू आत गेल्या तशा बाई हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का? माझे गुडघे गेलेत. तुम्ही गेलात की उठणार होते."

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने वाटी खाली ठेवली. "मग बघा हं. पायांवर भार घ्यायचाच नाही. आधी असं कलायचं."

ती कलली, हात टेकले, ओणवी झाली, आणि तेवढ्यात पन्ह्याचा तांब्या घेऊन काकू दारात उभ्या.

आत्या तिथेच थिजली. तिचे कान लाल झालेले मला दिसले.

"अगो बाई, काय हरवलं? कानातली कुडी का?" तांब्या ठेवून काकू तडक खाली बसल्या आणि रांगत सतरंजीची कडा उचलून बघू लागल्या. माझ्याकडे बघून, "तू काय बघत्येस गो? शोध की!" मीही गुडघ्यांवर आले. बाईसुद्धा कशाबशा ओणव्या झाल्या. चौघी गौरीसमोर रांगत होतो.

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर आत्याचं निभावलं असतं. कुडीचं निमित्त तर फारच सोयीचं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"काही हरवलं नाही," ती म्हणाली. "मी उठत्ये. मला उठायला असंच लागतं."

काकूंनी सतरंजीची कडा सोडली. "मग सांगायचं नाही का! मी आपली उगाच डाळ वाढत्ये. धरू का?"

"नको, दोघी पडू. भिंत पुरे."

आत्या भिंतीपर्यंत गेली आणि आमच्यादेखत, सावकाश, उभी राहिली. पदर सारखा केला. मग तिने बाईंना हात दिला. त्या अलगद वर आल्या.

"एवढंसं वजन, आणि मला इतका वेळ बसवलंत?" आत्या म्हणाली.

"येऊ का गो आत?" बाहेरून आवाज आला.

"थांबा हो," पदर झटकत काकू ओरडल्या. "अजून एक उठायची आहे."

मी अजून ओणवीच होते.