लेबलवरचं नाव

शारजाच्या अल नहदामधल्या एका खासगी लॅबमध्ये शुभ्रा नऊ वर्षं लघवीचे नमुने तपासत होती. आदल्या दिवशी प्लेटवर लावलेला नमुना सकाळी उघडायचा, जंतू वाढलेत का पाहायचं आणि रिपोर्ट लिहायचा. त्यात गरोदर बायकांचे नमुने रोजच असायचे.

जूनमध्ये एक प्लेट गुलाबी ठिपक्यांनी गच्च भरलेली निघाली. लेबलवर तिचंच नाव होतं. तिला अठरावा आठवडा चालू होता.

ना जळजळ, ना ताप. "कुछ महसूस नहीं होता, यही तो मुश्किल है," तिच्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर सुमैय्या म्हणाल्या. आतड्यात एरवी निमूट राहणारा हा जंतू. पण गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा त्यांच्यावर दाब येतो, लघवी तुंबते आणि जंतू वर किडनीपर्यंत चढतो. शुभ्राला हे पाठ होतं. सात दिवस अँटिबायोटिक घ्यायचं, मग पुन्हा तपासणी.

तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. बाळाला काही झालं तर, या भीतीने तिने गोळ्या थांबवल्या. पुन्हा तपासणी करायची ती पुढच्या आठवड्यावर ढकलत राहिली. नवऱ्याला, निखिलला, तिने काहीच सांगितलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुनिबाने विचारलं, तेव्हा म्हणाली, "क्लिअर आया."

ऑगस्टमध्ये एका दुपारी लॅबमध्ये तिला हुडहुडी भरली. उजव्या कुशीत कळ उठली.

"एसी थोडा कम करो ना," ती म्हणाली.

मुनिबाने कपाळाला हात लावला. "एसी की बात नहीं है. सच बता, रिपीट कब किया था?"

शुभ्राने हातमोजे काढले आणि खुर्चीत बसली.

हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत ताप एकशे चारवर गेला होता, बीपी घसरत होतं. जंतू रक्तात उतरले होते. पोट दर काही मिनिटांनी आवळून येत होतं आणि बाळ जेमतेम सव्वीस आठवड्यांचं. दुबईच्या जेबेल अलीमधल्या कामावरून निघालेला निखिल ट्रॅफिकमध्ये अडकला होता. तो आला तेव्हा शुभ्राला ओळख पटत नव्हती.

"अभी पहले माँ," डॉक्टर सुमैय्या त्याला म्हणाल्या. पुढचं त्याने विचारलं नाही.

कळा दुसऱ्या दिवशी थांबल्या, ताप पाचव्या दिवशी उतरला. त्यानंतर रोज एक गोळी आणि दर महिन्याला तपासणी. तिची प्लेट मुनिबाच उघडायची. शुभ्रा तेवढा वेळ बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहायची.

नोव्हेंबरमध्ये केया झाली. वजन कमी होतं, पण रडली खणखणीत.

"मला का नाही सांगितलंस?" निखिलने तेव्हा कुठे विचारलं.

"सांगितलं असतं तर खरं मानावं लागलं असतं."

स्कॅनमध्ये उजव्या किडनीवर व्रण दिसला होता. तो पुढे त्रास देईल का, हे डॉक्टरांनाही आताच सांगता येत नव्हतं. दर सहा महिन्यांनी तपासत राहायचं, एवढंच.