बारा मिनिटांचं इंजिन

दिनांक ११ जानेवारी १९५४ रोजी तांडापेठेतल्या बाबनराव धकात्यांनी चारशे सदतीस रुपये आठ आणे मोजून मोडीत निघालेल्या एका मोटारीचं इंजिन रेडिएटरसकट विकत घेतलं. धकात्यांच्या पिढ्या हातमागावर गेल्या. बाबनराव मात्र मोटार दुरुस्तीच्या कामाला लागले होते, आणि सुटीच्या दिवशी पारडीच्या माळावर टिनाच्या शेडमध्ये एका माणसापुरतं विमान बांधत होते. पंखांचं कापड सासरे रामाजींनी आपल्या मागावर विणून दिलं होतं.

डिसेंबरात विमान उभं राहिलं. विमान चालवायला शिकवणारे गोपाळराव रविवारी ते तपासायला येणार होते. त्यांची अट एकच, इंजिन जमिनीवर सलग तासभर चाललं पाहिजे. तरच उड्डाणाच्या परवानगीसाठी त्यांची शिफारस मिळणार होती. शिवाय पुढच्या आठवड्यात ते बदलीवर कलकत्त्याला चालले होते.

सोमवारी इंजिन सुरू केलं आणि बाराव्या मिनिटाला पाणी उकळून झाकणाखालून वाफ आली. मंगळवारीही तेच.

बाबनरावांनी डोकं शांत ठेवलं. पाण्याचा पंप खोलला, पाती शाबूत होती. पट्टा ताठ होता. पुन्हा इंजिन तापवलं, बंद केल्याबरोबर रेडिएटरवर तळहात फिरवला. वरच्या बाजूला चटका बसला, मधोमध आणि खाली मात्र जाळी माठासारखी गार. म्हणजे गरम पाणी खाली उतरतच नव्हतं. रेडिएटर काढून वरून बादलीभर पाणी ओतलं, तर खालून नुसते थेंब.

"मार्चात म्या स्वतः पाणी सोडून पाह्यलं होतं. चांगली धार होती," ते म्हणाले.

डबा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी जिजाबाईंनी त्या थेंबात बोट बुडवलं, चोळून पाहिलं, वास घेतला. विणकराच्या घरात वाढलेल्या बाईला तो वास कोणी शिकवावा लागत नाही.

"ही त खळ होय," त्या म्हणाल्या. खळ म्हणजे सुताला ताठपणा यावा म्हणून लावायची ज्वारीच्या पिठाची पेज. त्यांनी कडुनिंबाखाली तंबाखू मळत बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. "बाबा, तुमी काई केलं काय?"

"केलं ना," रामाजी म्हणाले. "दिवाळीत हे थेंब थेंब गळून राह्यलं होतं. ट्रकवाले हळद टाकतात म्हणे. म्या म्हटलं, हळदीपक्षा आपली खळ पक्की. बंद झालं का नाही?"

"गळणं बंद झालं मामाजी," बाबनराव म्हणाले, "पन त्याच्यासंगं पाणीबी बंद झालं."

"आतापर्यंत सुताले लावली, आता मशीनले लावली," जिजाबाई म्हणाल्या. "सांगाचं त होतं."

"जवाई कामात होते. त्यायले कायले तरास?"

बाबनरावांना हसू आवरेना. ते कॉस्टिक सोडा घालून रेडिएटर उकळायच्या तयारीला लागले, तेव्हा रामाजींनी हात वर केला.

"उकळू नका, जवाई. अजून शिजन अन् चिकटून बसन. खळ आंबवून सुटते."

कोऱ्या कापडाची खळ ते तशीच काढत आले होते. बुधवारपासून रेडिएटर कोमट पाण्याच्या टाकीत बुडाला. रामाजी दिवसातून चारदा कोपरापर्यंत हात घालून पाण्याची ऊब पाहत आणि कमी वाटली की चुलीवरचं पाणी ओतत. शुक्रवारी वास असा सुटला की जिजाबाईंनी डबा दुरूनच ठेवला. शनिवारी रेडिएटर धुतला, तेव्हा चिकट पापुद्रे बाहेर पडले आणि मागोमाग मनगटाएवढी धार. जुनं छिद्रही अर्थातच उघडं पडलं. टिनकाम करणाऱ्या शालिकरामला बोलावून कथलाचा डाग देऊन ते बुजवलं.

रविवारी बारावं मिनिट आलं तेव्हा रामाजींनी तंबाखू मळायची थांबवली. तेरावं आलं. तापमानाचा काटा चढला आणि एका जागी थांबला. तास भरल्यावर गोपाळरावांनी घड्याळ खिशात ठेवलं आणि गुडघ्यावर कागद धरून सही केली.

"पाणी तुंबलं होतं असं ऐकलं. खेळतं कशानं केलंत?" त्यांनी विचारलं.

"घरचाच इलाज," बाबनराव म्हणाले आणि त्यांनी सासऱ्यांना पुढे केलं.

शालिकरामच्या डागाचे दोन रुपये चार आणे मात्र द्यायचे राहिले.