सहा खुर्च्या आणि एक सफारी

आमच्या घरी सहा खुर्च्या आहेत आणि पाच गाद्या. सहावी गादी बोरी अरबला माझ्या मेव्हण्याकडे असते. ती तिथे कशी गेली हे आमच्या नातेवाइकांत लहान पोरांनाही ठाऊक आहे. उरलेल्यांना मी आता सांगून टाकतो, म्हणजे लपवायचं काही शिल्लक राहणार नाही.

लोहाऱ्याला घर बांधलं तेव्हा हौसेने या सागवानी खुर्च्या केल्या. लाकूड अजून ठणठणीत आहे. गाद्यांच्या खोळी मात्र मागच्या दिवाळीपर्यंत इतक्या विरल्या की आतला पिवळा फोम बाहेर डोकावू लागला. पाहुणा उठला की त्याच्या पॅन्टला मागून भुगा लागलेला असे. तो तसाच रस्त्याने जाई, आणि आम्ही दारात उभे राहून हात हलवत असू. (सांगणार कसं?)

त्या गाद्या गादीवाल्याकडे नेऊन टाका, असं सुनंदा, म्हणजे माझी बायको, दिवाळीपासून सांगत होती. मी दर रविवारी पुढच्या रविवारचा शब्द देत होतो. मला अपराधी वाटत नव्हतं असं नाही. अपराधी मला फार चटकन वाटतं, हलायलाच वेळ लागतो.

मार्चमध्ये सुनंदा तीन दिवसांसाठी नेरला बहिणीकडे निघाली. रविवारी परतताना तिचे थोरले भाऊ तिला सोबत घेऊन येणार होते. धाकट्या मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायची होती त्यांना. बसमध्ये चढता चढता ती एवढंच म्हणाली, "दादा येऊन राह्यले. त्यायलेबी त्याच भुग्यावर बसवान का?"

बस गेली. मी घराकडे न जाता स्टँडवरच बसून राहिलो. त्याचं कारण खुर्च्या नव्हत्या. कारण होता सफारी.

आता दादांविषयी सांगायला हवं. बोरी अरबला त्यांची शेती आहे आणि फवारणीच्या पंपांचं दुकान आहे. शांत माणूस. आवाज चढवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांना शौक एकच, सफारीचा. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी मला मंडपात पाटावर बसवलं, टिळा लावला, टोपी घातली आणि सफारीच्या कपड्याचा बॉक्स हातात ठेवला. स्वतःसाठीही त्यांनी त्याच ताग्यातला कपडा घेतला होता. बाकी पाहुण्यांना साधे शर्टपीस. सफारी फक्त मला. मी घरी आलो, बॉक्स न उघडता सुनंदाच्या हातात दिला आणि म्हणालो, ठेव कुठेतरी, आजकाल सफारी कोण घालतं!

महिनाभराने दादांचा फोन आला. शिवला का, म्हणाले. नाही म्हणायला जीभ वळेना. मी म्हणालो, शिवला. त्यांनी विचारलं, बरोबर बसला का? म्हटलं, एकदम.

इथे मी थांबायला हवं होतं. पण दादा दर सणाला फोन करत आणि दर सणाला विचारत. मग फोनवरच मी तो सफारी ऑफिसात घालून गेलो. साहेबांनी कपड्याची चौकशी केली. पुढे त्याची कॉलर उसवली, ती नीट करून घेतली. एका राखीला तो ड्रायक्लीनला होता. मागच्या वर्षी तो जरा घट्ट झाला. (पोट वाढल्याचं मी कबूल केलं, पण सफारी न शिवल्याचं नाही.) फोन ठेवला की मला दोन दिवस जेवण गोड लागत नसे. असा देवमाणूस, आणि मी त्याला फसवतोय! एखाद्या दिवशी हे उघडं पडलं तर सुनंदाचं माहेर कायमचं दुखावणार, ही भीती होती. आणि तोच माणूस रविवारी घरी येत होता.

म्हणून मी प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं. सफारीचं काही करता येण्यासारखं नव्हतं. निदान खुर्च्या तरी नीट असाव्यात! गादीवाल्याने शनिवारी हात वर केले, त्याच्याकडे लग्नसराईचं काम होतं. मग मी स्वतःच शिवायचं ठरवलं. घरात सुनंदाची पायाची मशीन होती, आणि कपडा होता आहेराच्या पेटीत.

आहेराची पेटी आमच्याकडे घरोघरी असते. लग्नाकार्यात आलेले शर्टपीस, ब्लाउजपीस त्यात जातात आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याला दिले जातात. ते शिवायचे असतात असं कुणाच्या मनातही येत नाही. फक्त एक काळजी घ्यायची, आलेला कपडा ज्याने दिला त्याच्याच घरी परत जाता कामा नये. त्यासाठी सुनंदा बॉक्स वगैरे काढून टाकते आणि प्रत्येक घडीला टाचणीने देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावते.

मी पेटी उपसली. सहा गाद्यांना पुरेल असा एकच कपडा तळाशी निघाला. फिकट बदामी रंग, त्यात बारीक चॉकलेटी रेघ. जाड, टिकाऊ, जणू खुर्च्यांसाठीच विणलेला. टाचणी बोटाला टोचली म्हणून काढून टाकली. चिठ्ठी वाचायला चष्मा लागला असता. तो बाहेरच्या खोलीत होता. चिठ्ठी मी बटणांच्या डब्यात टाकली.

आता तुम्ही म्हणाल, सफारीचा कपडा त्याच पेटीत असणार हे याला सुचलं कसं नाही? खरंच नाही सुचलं. चार वर्षं मी तो सफारी फोनवर इतक्या वेळा घातला होता, की माझ्या डोक्यात तो शिवून, इस्त्री होऊन कपाटात टांगलेला होता.

कपडा जमिनीवर अंथरला, त्यावर गादी ठेवली, खडूने रेघ मारली आणि कात्री चालवली. बारा चौकोन निघाले आणि चार बोटं पट्टी उरली. एवढा नेमका कपडा पुरलेला पाहून मला भरून आलं. नियतीही माझ्या बाजूने आहे असं वाटलं!

मशीन मात्र माझ्या बाजूने नव्हती. पाय पुढे दाबला की चाक मागे फिरे आणि दोरा तुटे. तासाभराने चाकाची आणि माझी ओळख झाली. पहिली खोळ चारी बाजूंनी अगदी सरळ शिवली. शेजारचे राठोड गुरुजी पेपर मागायला आले होते, त्यांना मी ती अभिमानाने दाखवली. चाळीस वर्षं शाळेत काढलेला माणूस. त्यांनी खोळ उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "सर, गादी कोठून घालान?"

चारी बाजू बंद होत्या.

एक बाजू उसवली. तेव्हा कळलं की मोजताना मी गादीची जाडी धरलीच नव्हती. गादी आत जाईना. गुरुजींनी खोळीचं तोंड धरलं, मी गुडघा लावून गादी कोंबली. सहा गाद्यांना दुपार गेली. तोंडं मशीनखाली येईनात, तेव्हा गुरुजींनी घरून पोती शिवायचं दाभण आणून दिलं आणि सुतळीऐवजी जाड दोरा ओवून मी ती शिवून टाकली. गाद्या आता ठासून भरलेल्या सरकीच्या पोत्यांसारख्या दिसत होत्या. तीन खुर्च्यांवर रेघा उभ्या होत्या, दोनांवर आडव्या, आणि एक खोळ उलट शिवल्यामुळे तिच्यावर रेघाच नव्हत्या. गुरुजी म्हणाले, दुरून बरं दिसते. आणि ते दूर गेले.

रविवारी दहाला फाटक वाजलं. सुनंदा पुढे, दादा मागे. दादांनी सफारी घातला होता. फिकट बदामी, त्यात बारीक चॉकलेटी रेघ.

मी नमस्काराला जोडलेले हात तसेच राहिले. दादांनी चप्पल काढली, आत आले आणि पहिल्याच खुर्चीवर बसले. कुठे दादा संपतात आणि कुठे खुर्ची सुरू होते, ते कळेना! खुर्चीलाच डोकं फुटलं आहे आणि ती माझ्याकडे प्रेमाने पाहते आहे, असं वाटलं. मी त्यांना म्हटलं, पलंगावर बसा, वारा लागेल. ते म्हणाले, नको जी, बरा हाय.

सुनंदाने दादांकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पाणी आणते म्हणून आत गेली. पाणी काही आलं नाही. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज तेवढा आला.

दादांनी पिशवीतून पत्रिका काढली, तिला कुंकू लावलं, माझ्या हातात दिली. मग त्यांचं लक्ष समोरच्या खुर्चीकडे गेलं. तिथून स्वतःच्या गुडघ्याकडे. परत खुर्चीकडे. अंगठ्याने त्यांनी गुडघ्यावरची रेघ चाचपली.

"जवाईबुवा," ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "सफारी शिवला का?"

"शिवला," मी म्हणालो. चार वर्षांची सवय. आणि चार वर्षांत पहिल्यांदा उत्तर खरं होतं.

मग मात्र माझ्याने राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. ऑफिस, साहेब, कॉलर, ड्रायक्लीन, एकूण एक खोटं. डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हटलं, दादा, मी तुम्हाला चार वर्षं फसवलं.

दादा म्हणाले, "कायले फसवान? मले पयल्या महिन्यातच मालूम होतं. सुनंदानं सांगतलं होतं."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. सुनंदा पदर तोंडाला लावून उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

"मंग दर सणाले काहून विचारत होते?" मी दादांना म्हटलं.

"घरच्यायचा हट्ट," दादा म्हणाले. "फोन स्पीकरवर ठेवत होतो आमी. पोरं, सून, समदे भवताल बसत. आज जवाईबुवा काय सांगते म्हून. साहेबानं चौकशी केली म्हणलं ना तुमी, त्या दिवशी आमच्या घरी सैपाक जळला."

चार वर्षं मी जेवण टाकून झुरलो, आणि बोरी अरबला माझा कार्यक्रम होत होता! मला हलकं वाटलं. मी हसलोही. पण दादा हसले नाहीत. ते वाकून समोरच्या गादीवरून हात फिरवत होते.

"शिवला नाई, त्याचं काई नाई," ते म्हणाले. "सफारी कोनाले आवडते, कोनाले नाई. पण तुमी तो उघडूनबी नाई पायला, हे आज समजलं. पायला असता तर वयखला असता."

गादीच्या टाक्यातून लोंबणारा दोरा मी उगाच ओढून पाहिला.

"तीन मीटर लागते सफारीले," दादा हळूच म्हणाले. "तुमचं पोट पाहून मी अर्धा जास्त घेतलता. दुकानदार म्हणे, कायले घेता. म्हणलं, जवाई अंगानं भरला हाय, आवळून नाई बसला पायजे."

म्हणजे कपडा नेमका पुरला त्यात नियतीचा काही हात नव्हता. माझं पोट दादांनी आठवणीने मोजलं होतं. त्या अर्ध्या मीटरशिवाय सहावी खोळ निघालीच नसती. मी खाली बसलो. बसलो तोही त्याच कपड्यावर. पुन्हा उठलो.

सुनंदा चहा घेऊन आली. बटणांच्या डब्यातली चिठ्ठी तिने ट्रेमध्ये कपाशेजारी ठेवली होती. मी चष्मा लावला. 'दादाकडून यांना. कोणाला देणे नाही.' तिच्या अक्षरात.

चहा झाला. जाताना दादा दारापाशी थांबले, परत आले आणि ज्या गादीवर बसले होते ती उचलून काखेत घेतली. मी म्हटलं, दादा, हे काय?

"लग्नात सफारी घालून याचं, असं सांगाले आलतो मी. आता तुमी येजा, सफारी मी घेऊन येतो."

लग्नाच्या दिवशी मंडपात पहिल्या रांगेत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीवर बदामी गादी होती. पोत्यासारखी फुगलेली, दाभणाचे टाके पुढे केलेली. दादांनी त्याच सफारीत येऊन मला टिळा लावला, टोपी घातली, हाताला धरून त्या गादीवर बसवलं आणि शेजारी बसून फोटो काढून घेतला. मग दुपारभर नातेवाईक एकेक करून आले. प्रत्येकाने माझी तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं आणि शेवटी अगदी सहज विचारलं, सफारी शिवला का जी?

तेव्हापासून मी खोटं बोलणं सोडलं आहे. आता बोरी अरबला कार्य निघालं की ती गादी माझ्या आधी मंडपात हजर असते. मला कोणी सफारीचं विचारलं की मी तोंडाने काहीच सांगत नाही. उठतो, बाजूला होतो आणि दाखवतो. आणि इकडे घरी जी सहावी खुर्ची गादीविना राहिली आहे ना, तिच्यावर, साहजिकच, मी बसतो.