देवीसमोर गरम केलेलं इंजेक्शन

देवीपुढे डोळे मिटून बसलेल्या बाईच्या जोडलेल्या हातांत काय असतं? फूल असतं, अक्षता असतात, फार तर गाडीची किल्ली. त्या संध्याकाळी माझ्या हातांत इंजेक्शनची बाटली होती आणि मी ती तळव्यांच्या उबेने गरम करत होते. बघणाऱ्याला वाटलं असेल, काय ही एकाग्रता! कपाळावर घामसुद्धा होता. तो घाम मात्र भक्तीचा नव्हता. मी घाबरले होते.

थोडं मागचं सांगते. पंचेचाळिशी जवळ आली तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाईंनी फार गोड आवाजात सांगितलं, की गर्भाशय उत्तम आहे, पण तुमची स्त्रीबीजं आता साथ देणार नाहीत. त्याआधी दोनदा आशा लागली होती आणि दोन्ही वेळा मोडली होती. आता एकच रस्ता होता. कुणा तरुण मुलीचं बीज घ्यायचं, माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या, बीजाशी जुळवून गर्भ तयार करायचा आणि तो माझ्या पोटात ठेवायचा. त्या मुलीचं नाव सांगत नाहीत. उंची, आजारपणं आणि शेवटी आवडीनिवडी एवढं वाचायला देतात. हिला पोहायला आवडायचं, गणित आवडायचं. कोथिंबीर मात्र अजिबात नाही, साबणासारखी लागते म्हणे. गणितापर्यंत मी खूश होते, कोथिंबिरीपाशी अडकले. आमच्याकडे पोह्यांवर कोथिंबीर घालत नाहीत, कोथिंबिरीवर पोहे घालतात. "अरे, कोथिंबीर न खाणारं पोर आपलं कसं व्हायचं?" मी मिलिंदला म्हटलं, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसून झाल्यावर तो प्रश्न तसाच माझ्या छातीत जाऊन बसला. हे मूल मला माझं वाटेल का?

गर्भ ठेवला, टिकला, रक्ताची तपासणीही चांगली आली. आनंद व्हायला हवा होता, पण मी दर तासाला भिऊन बाथरूममध्ये जाऊन रक्त तर दिसत नाही ना, ते बघायची. गर्भ टिकावा म्हणून रोज संध्याकाळी ठरल्या वेळी कमरेखाली इंजेक्शन घ्यायचं होतं. तेलातलं औषध, मधासारखं दाट. देण्याआधी हाताने गरम करावं लागे. ते मिलिंद द्यायचा. मार्करने माझ्या अंगावर गोल काढून, जीभ बाहेर काढून, रांगोळीचा ठिपका टेकवावा तसा. आणि हे सगळं आम्ही कुणालाही सांगितलं नव्हतं. इथे अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळातल्या मैत्रिणींना नाही, पुण्यात माझ्या आईलाही नाही.

त्या दिवशी मिलिंद कामासाठी डॅलसला गेला होता आणि वादळामुळे त्याचं विमान कॅन्सल झालं. "मी ड्राइव्ह करत निघतो," तो फोनवर म्हणाला, "पण चार तास तरी लागतील." तोवर वेळ टळणार होती. जवळच्या दवाखान्यात विचारलं, तर बाहेरून आणलेलं औषध आम्ही टोचत नाही म्हणाले. मंडळातली एक मैत्रीण नर्स आहे, पण तिला सांगणं म्हणजे गणपतीच्या स्टेजवरून जाहीर करणं. मग मी आरशाकडे पाठ करून स्वतःच प्रयत्न केला. हात मागे पोहोचत होता, धीर पोहोचत नव्हता. बाटली, सुई सगळं पर्समध्ये घातलं आणि देवळात गेले. का गेले, सांगता येत नाही. घरात एकटीला बसवेना, एवढंच.

खरं म्हणजे देवीशी माझा अबोलाच होता. दोनदा तिने दिलेलं काढून घेतलं होतं, आणि आता तर मी मागच्या दाराने आई व्हायला निघाले होते, असं मला वाटायचं. कुठल्या तोंडाने ओटी भरू? मी बाटली तळव्यांत धरली आणि मनात म्हटलं, "हे पोटात राहू दे. आणि माझं वाटू दे. दोन्ही तूच बघ, माझ्याने होत नाही."

"तेलातलं आहे ना ते? म्हणून गरम करून राहिली तू."

मी दचकून डोळे उघडले. शेजारी सत्तरीच्या एक काकू बसल्या होत्या. नऊवारी नाही, मळवट नाही, दैवी असं काहीच नाही. साडी, पायांत मोजे आणि देवळातल्या एसीचा सूड घ्यायला मुलाच्या कॉलेजचा स्वेटशर्ट. 

"तुम्ही डॉक्टर आहात?" मी विचारलं.

"हो तर. अमरावतीकडे सारी नोकरी झाली." मग जरा थांबून म्हणाल्या, "गुरांची."

मला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. देवीसमोर दोन्ही एकदम चाललं होतं. त्या काहीच न विचारता उठल्या. मुलींच्या नाचाचे कपडे बदलायची खोली होती, तिथे मला घेऊन गेल्या. हात धुतले, बाटलीवरचं नाव वाचलं, किती द्यायचं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मी घुंगरांच्या टोपलीला धरून वाकले.

"लाथ तर नाही मारणार ना? सवय आहे, पण आता वय झालं माझं."

"नाही मारणार."

"मग काहून थरथरतेस? झालंसुद्धा."

खरंच झालं होतं. मिलिंदच्या रांगोळीपेक्षाही हलक्या हाताने. त्या जागा चोळत होत्या आणि मी, जिने आईलाही सांगितलं नव्हतं, भिंतीकडे तोंड करून सगळं सांगून टाकलं. बीज माझं नाही, हेही.

"बरं मग?" काकू म्हणाल्या. "आमच्याकडे गाईंत करतात हे. एकीचं बीज, दुसरीच्या पोटात. माझ्या हातून झालेत तसे. वासरू खाली पडलं की गाय काय करते, माहीत आहे? चाटते. जीभ सोलली तरी थांबत नाही. हे कोणाचं म्हणून विचारायला माझ्याकडे एकही गाय आली नाही, बाई."

तेवढ्यात त्यांचा मुलगा शोधत आला. "आई, चल ना यार, किती वेळ!" आणि त्या बूट घालायला निघूनही गेल्या. मी नाव विचारलं नाही. पुढे कितीतरी शनिवार जाऊन पाहिलं, पुजाऱ्यांनाही विचारलं, पण त्या पुन्हा दिसल्या नाहीत. व्हिसा संपून परत गेल्या असतील. मिलिंद म्हणतो, योगायोग. मी वाद घालत नाही. इंजेक्शन घेतलं त्याच रात्री आईला व्हिडिओ कॉल करून सगळं सांगितलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग डोहाळजेवण तिकडे करायचं की इकडे?"

पुढचे महिनेही मी भीतभीतच काढले. देवळातून आल्यावर भीती पळाली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. फक्त ती एकटीने वाहायची राहिली नव्हती. मुलगी झाली. ओली, चिडलेली, लालबुंद अशी ती माझ्या छातीवर ठेवली, आणि मी काय केलं सांगू? सगळ्यांची नजर चुकवून तिचं कपाळ चाटलं. खारट होतं. नर्सने पाहिलं, आणि बिचारीने टॉवेल पुढे केला.

आता ती तीन वर्षांची आहे. पोहे समोर आले की आधी चिमटीने कोथिंबिरीचं एकेक पान वेचते, नाक मुरडते आणि माझ्यापुढे धरते. "आई, यू टेक इट." मी उजवा हात पुढे करते, त्याखाली डावा. मग त्या अनोळखी मुलीची आठवण काढते, स्वेटशर्टातल्या काकूंची काढते, आणि तीर्थ घ्यावं तसं ते पान तोंडात टाकते.