उलटा पडलेला पीळ

वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी दुपारी विणणाऱ्यांचं मंडळ भरायचं. तिथे शेवटचा शब्द बाईंचा. बाई नकाशे काढणाऱ्या कचेरीतून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर केसाएवढ्या रेघा ओढल्या, आता हाती सुया आल्या तरी नजर तीच. पाठीमागे सगळे त्यांना फूटपट्टी म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

मंडळात तऱ्हेतऱ्हेची माणसं. बेकरीवाली पक्की आरंभशूर. तिच्या थैलीत एकेकटे मोजे, अर्धवट स्वेटर आणि कशाचं काय व्हायचं होतं ते तिलाही आठवत नसलेले तुकडे. हात भरभर चालायचा, तोंड त्याहून भरभर. निवृत्त पोस्टमास्तर ताकही फुंकून पिणारे. वर्षानुवर्षं एकच टाका, एकच राखाडी मफलर. ओळ मोजून झाली की पुन्हा मोजायची, तरी शंका राहायचीच. सगळ्यात नवखे ड्रायव्हर. ते शाळेची बस चालवत. सिगारेट सोडल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून बायकोनेच त्यांना इथे आणून बसवलं होतं. लोकर अशी आवळायचे की सुई टाक्यातून बाहेर पडायला कुरकुरायची.

चूक दिसली की बाई काम हातातून काढून घेत, सुई ओढत आणि सर्रकन उसवून परत देत. आत्ता उसवलं तर दोन ओळी जातात, नंतर अख्खा स्वेटर जातो, असं त्यांचं म्हणणं. बेकरीवाली हसून घ्यायची. पोस्टमास्तर मात्र त्या दिवशी प्रत्येक ओळ चारदा मोजायचे.

त्या थंडीत बाईंनी थोरल्या भावासाठी स्वेटर विणायला घेतला होता. छातीवर टाक्यांना पीळ देऊन काढलेल्या दोन वेण्या, एकमेकींच्या शेजारी चढत जाणाऱ्या. एका शनिवारी बेकरीवालीचा हात मध्येच थांबला. डावीकडच्या वेणीचा एक पीळ उलटा पडला होता. तिने पोस्टमास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. त्यांना ते आधीच दिसलं होतं.

जिन्यात चहा पिताना दोघांनी हलक्या आवाजात बोलून घेतलं. तुम्हीच सांगा, त्या तुम्हाला मान देतात, असं ती म्हणाली. मान आहे तोवर राहू दे, असं पोस्टमास्तर म्हणाले. कोणीच सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी आणखी एक पीळ उलटा. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी एक. खोलीत बोलणं कमी होत गेलं. बेकरीवालीसुद्धा गप्प बसायची. बाई खिडकीशी सरकून बसू लागल्या, सुया वाकड्या निघतात म्हणून दुकानदाराशी भांडून आल्या, नव्या आणल्या आणि त्याही वाकड्याच म्हणून बाजूला टाकल्या.

ड्रायव्हरना यातलं काही कळलं नव्हतं. लेकीच्या स्वेटरवर तशीच वेणी विणायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. विचारायची भीती, म्हणून ते बाईंच्या मांडीवरच्या स्वेटरकडे बघून बघून विणत होते.

एकदा बाईंनी त्यांचं काम हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, मान तिरपी केली, मग विणीवरून अंगठा फिरवला.

"पीळ उलटा पडलाय," त्या म्हणाल्या. "टाके मागे धरायचे, तुम्ही पुढे धरलेत. आणि एकदा नाही."

त्यांनी सुई ओढायला घेतली. ड्रायव्हरनी दुसरं टोक धरलं. असं आजवर कोणी केलं नव्हतं.

"बाई, थांबा. मी बघून विणलंय."

"कुणाचं बघून?"

ड्रायव्हरची नजर बाईंच्या मांडीवर गेली, आणि तिथे काय आहे ते त्यांनाही तेव्हाच उमगलं. त्यांचा चेहरा उतरला.

बाईंनी स्वतःचा स्वेटर उचलला. आपल्या विणीवर अंगठा फिरवून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. अंगठा वर सरकत गेला, थांबला, पुन्हा सरकला, पुन्हा थांबला. मग त्यांनी सगळं पिशवीत कोंबलं आणि त्या उठल्या. बाहेर पडताना त्यांचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. फोनही उचलेनात. ड्रायव्हरना वाटलं, आपण त्यांचा चारचौघांत अपमान केला. पोस्टमास्तरांचं मत पडलं की थोडे दिवस जाऊ द्यावेत. बेकरीवालीने भर दुपारी दुकान बंद केलं आणि दोघांना पाव पोचवायच्या गाडीत घातलं.

बाईंनी दार साखळीपुरतंच उघडलं. सर्दी झालीय म्हणाल्या. फटीतून दिवसाढवळ्या पेटलेला दिवा दिसत होता, आणि टेबलावर उसवलेल्या लोकरीचा ढीग.

"बाई," बेकरीवालीने विचारलं, "तुमच्या खिडकीचे गज सरळ दिसतात का?"

बाई दार लोटू लागल्या. बेकरीवालीने ते हाताने धरलं.

"माझ्या आईला वाकडे दिसायचे. तिने कुणाला सांगितलं नाही. आम्हाला कळलं तेव्हा ती मला आवाजावरून ओळखत होती."

बाईंची बोटं साखळीवर घट्ट झाली. "उजव्याने मधोमध काहीच दिसत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "डाव्याने परवापासून गज हलायला लागलेत. सोमवारी जाऊन येईन."

"सोमवारपर्यंत मला धीर नाही. चपला घाला."

पहिल्याच वळणानंतर ड्रायव्हरनी बेकरीवालीकडून गाडीची किल्ली मागून घेतली. दवाखान्यातल्या बाकावर बाई ताठ बसल्या होत्या, रिकामी बोटं मांडीवर हलत होती. डॉक्टरांनी तपासलं. डोळ्यांच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागी पाझर होता. उजव्या डोळ्याला उशीर झाला होता, डाव्यात नुकतीच सुरुवात होती, डोळ्यात इंजेक्शन आजच द्यायला हवं होतं.

"मागच्या वर्षी आले असते तर?" बाईंनी विचारलं.

"आता डाव्याबद्दल बोलू," डॉक्टर म्हणाले.

दर महिन्याला इंजेक्शन, दर महिन्याला पावाची गाडी. प्रत्येक वेळी आधीच्या रात्री बाईंना झोप लागत नसे. उजवा डोळा परत आला नाही. डावा टिकला.

थंडी सरल्यावर त्या मंडळात आल्या. कोणी मान वर केली नाही. त्या थेट पोस्टमास्तरांसमोर बसल्या.

"तुम्हाला दिसलं होतं."

"हो."

"किती दिवस?"

"महिनाभर."

"तुमच्या जागी मी असते तर त्याच ओळीला सांगितलं असतं."

पोस्टमास्तरांनी मफलर खाली ठेवला. नेहमीसारखे शब्द तोलत बसले नाहीत. "तुम्ही आम्हाला सांगू शकत होतात, बाई. आम्ही तुम्हाला सांगू शकत नव्हतो."

बाईंनी पिशवीतून लोकर काढली, टाके घातले, अंगठ्याने चाचपले.

भावाचा स्वेटर पुढच्या थंडीत झाला. साधा, वेण्यांशिवाय. प्रत्येक ओळ संपली की बाई तो शेजारी बसलेल्याच्या हातात देत आणि म्हणत, "बघा." ओळ तपासून होईपर्यंत त्यांचे खांदे ताठच असत.