भरलेला गळा

आमच्या दिंडोशीच्या कॉलनीत आईची हाक प्रसिद्ध होती. खिडकीतून ती ओरडली, "ए भवाने, जेवायला ये!" की मैदानातली निम्मी पोरं आपापल्या घरी पळायची. मी मात्र पहिल्या हाकेला मुद्दाम बहिरी व्हायचे. दुसरी हाक जास्त लांब, जास्त सुरेल यायची, आणि मला तीच ऐकायची असायची.

लग्न होऊन मी मुलुंडला गेले, त्याच सुमारास आईच्या गळ्यातली काळी पोत घट्ट व्हायला लागली. शेजारणी कौतुकाने म्हणाल्या, "लेक नांदायला गेली नि गळा कसा भरलाय गं तुझा!" आई खूश. मालाडच्या बाजारात जाऊन तिने पोतीत आणखी मणी ओवून घेतले. गलगंड वाढत होता आणि आम्ही तब्येत सुधारली म्हणत होतो! आजही आठवलं की चीड येते.

घास अडकायला लागला तेव्हा कुठे ती डॉक्टरकडे आली. डॉक्टरबाईंनी तिला मान वर करून पाण्याचा घोट घ्यायला सांगितलं. घोटाबरोबर गाठ वर सरकली नि खाली आली. घरात मीठ कुठलं, त्यांनी विचारलं. गावच्या बाजारातलं खडेमीठ. बारीक मीठ आईला मीठच वाटायचं नाही.

"गलगंडाला कारणं बरीच असतात, एकट्या मिठावर खापर फोडू नका," त्या म्हणाल्या. "पण यापुढे घरात सगळ्यांना आयोडीनचंच मीठ, तेही बेतानं, डब्याचं झाकण घट्ट लावून. आणि कुणाची मान भरलेली दिसली तर कौतुक नको, तपासून घ्या."

गाठ श्वासनळीवर दाबत होती, म्हणून ऑपरेशन करावं लागलं. आवाजाला धोका आहे, हे आधीच सांगितलं होतं. आई म्हणाली, "जाऊ दे गं, मला कुठे भाषणं ठोकायचीत?"

गाठ गेली. आवाज बसला तो बसलाच. आता ती रोज थायरॉइडची गोळी घेते, कुजबुजल्यासारखं बोलते आणि ती पोत छातीपर्यंत लोंबते. तिची जुनी हाक मला फार आठवते, भाजी चिरताना, कुणाशी बोलताना, मध्येच.

मागच्या रविवारी माहेरी गेले, तर खालीच जुनी मैत्रीण भेटली. गप्पा मारत उभी होते तेवढ्यात वरून टण्ण आवाज आला. आई खिडकीच्या ग्रिलवर उलथनं आपटत होती.

"अगं, तुला बोलावतेय ना," मैत्रीण म्हणाली.

मला ऐकू आलं होतं. तरी मी वर पाहिलं नाही. दुसऱ्या हाकेची वाट बघत तशीच उभी राहिले.