दावं नसलेला गोठा

अकोल्याच्या जठारपेठेत भाजी घेत असताना सुधाकरचा फोन आला. ‘ताई, बाबा गेले. सकाळी ढोरायले पानी पाजून खाटेवर टेकले, ते उठलेच नाही.’ सुधाकर माझा मामेभाऊ आणि बाबा म्हणजे माझे मोठे मामा, शामराव. एकाहत्तरच्या लढाईतून परत आलेले, आणि पुढचं सगळं आयुष्य दर्यापूरकडच्या आमच्या गावात ढोरं पाळण्यात घालवलेले. गावी शोकसभेत पंचशील म्हणून झाल्यावर मामांसोबत फौजेत असलेले एक म्हातारे मला म्हणाले, ‘बेटा, तुझ्या मामानं लढाईत काय केलं, ते सांग ना लोकायले.’ मी उभी राहिले, हात जोडले आणि परत खाली बसले. आज तेच लिहिते आहे.

मामा परतले तेव्हा त्यांना डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं होतं. अकोल्यात पहारेकऱ्याची नोकरी मिळत होती, ती त्यांनी नाकारली आणि चार गाई घेतल्या. पुढे त्यांचं खिल्लार वाढत गेलं. आमचा भाग खारपाण पट्ट्यातला. विहिरीचं पाणी जनावरंसुद्धा तोंडात घेत नाहीत, म्हणून मामा बैलगाडीवर टाकी ठेवून लांबून गोडं पाणी आणत आणि घरातला माठ भरायच्या आधी हौद भरत. मामी चिडायची, पण गावाला नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. मामांच्या गोठ्यात एकही दावं नव्हतं. भोवती बोरीच्या काट्यांचं भक्कम कुंपण, आत सगळी जनावरं मोकळी. एखादी गाय कुंपण मोडून कोणाच्या हरभऱ्यात शिरली की भांडणं होत, कोंडवाड्यातून ती सोडवून आणावी लागे. लोक म्हणत, ‘शामराव, एक दोर बांधाले का जाते तुमचं?’ मामा नुसते मान हलवायचे. सुट्टीत गेले की मीही विचारायची, काहून बांधत नाही? ते डावा कान माझ्याकडे करायचे. मग काय विचारणार...

काही वर्षांपूर्वी सुधाकरनं संकरित गाई आणल्या. पत्र्याचा नवा गोठा बांधला, सिमेंटच्या गव्हाणी केल्या आणि गाई लोखंडी साखळ्यांनी बांधल्या. त्याचंही चूक नव्हतं. दुधावर घर चालवायचं होतं, आणि अशा गाई मोकळ्या सोडून भागत नाही. मामा काहीच बोलले नाहीत. फक्त त्यांनी आपली खाट उचलली आणि त्या गोठ्यात नेऊन टाकली. घरात जेवायला येईनात. सुधाकरनं मला बोलावून घेतलं, ‘ताई, तुमचं ऐकतात ते. काहून असं करून राहिले, विचारा.’

दुपारची वेळ होती. सुधाकर पलीकडे कडबा कापत होता. या वेळी मी मुद्दाम मामांच्या उजव्या बाजूला बसले आणि विचारलं. त्यांनी जवळच्या गाईच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, ‘हद्दीपलीकडचं एक गाव होतं पोरी. आमी शिरलो तं मानूस नव्हता. जीव घेऊन पळाले बिचारे, पन ढोरं दाव्यालेच राहिले. ना चारा, ना पानी. वरडून वरडून त्यायचे गळे बसले होते. सुभेदार म्हने, आगे चलो. म्या चाकू काढला न् घराघरात शिरून दावे कापत गेलो. तोफा सुरू झाल्या होत्या. एका घरी म्हैस होती, गाभन...’

सुधाकरचा कडब्यावरचा विळा थांबला.

‘तिले साखळी होती. चाकूनं साखळी कापत नाही ना पोरी. खुटा उपटाले लागलो, तं भिंत आली अंगावर. मले लोकायनं ओढून काहाडलं. ते तिथंच राहिली. माह्याकडं पाहून राहिली होती.’

मी त्यांच्या खरबरीत हातावर हात ठेवला. सुधाकर विळा टाकून बाहेर गेला. त्या संध्याकाळी त्यानं एकेक साखळी काढली आणि दर्यापूरहून सुती दोर आणले. तेव्हा मामा खाटेवरून उठले आणि म्हणाले, ‘थांब. गाठ मी दाखवतो.’ एक टोक ओढलं की सगळी सुटते अशी ती गाठ. गाईंना खेचून सुटत नाही, पण माणसाला अंधारात, घाईत, एका हातानं सोडता येते. मामा ती पुनःपुन्हा बांधून दाखवत राहिले. रात्री बापलेक एका ताटात जेवले.

परवा गावाहून निघताना सुधाकरनं तुरीच्या डाळीची थैली दिली. घरी येऊन पाहिलं, तर थैलीच्या तोंडाला तीच गाठ. टोक ओढलं, दोरी अलगद हातात आली. मग मी स्वयंपाकघरातच खाली बसले आणि ती परत बांधायला लागले. दर वेळी कुठेतरी अडकायची. शेवटी सुधाकरला व्हिडिओ कॉल लावला. ‘काहून जमून नाही राहिलं रे?’

मामा गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला. ‘ताई, तुमी टोक पूर्न आत घालून राहिल्या. त्याले बाहेर ठेवा थोडं.’ मागे एक गाय हंबरली. ‘थांबा हं,’ तो म्हणाला, ‘तिले पानी दाखवून येतो आधी.’

मी दोरी हातात धरून त्याची वाट पाहत बसले.